आजी चिवडा का देत नाही?

"आजी, चिवडा दे ना! पोटात कावळे ओरडताहेत!" अंकुर किल्ल्याच्या तटावर थंडीने उड्या मारत म्हणाला.

खाली ऑस्ट्रियातले सगळे साल्झबर्ग शहर बर्फाने पांढरे झाले होते. फक्त नदी तेवढी काळसर हिरवी.

"नाही बाबू. नागपूरले गेल्यावर खाजो," आजीने पिशवी पोटाशी धरली.

दहा वर्षांचा अंकुर बघतच राहिला. तेरा वर्षांची ऋतुजाही चमकली. उमरेडला हातमागावर बसायची तेव्हापासून अनुसयाआजीने दारातून कुणाला उपाशी जाऊ दिले नव्हते. आणि आज ती नातवाला चिवडा देत नाही?

"दादागिरी आहे ही!" अंकुर फुरंगटला.

"गडबड आहे," ऋतुजा पुटपुटली. "सकाळपासून ती डब्याला हातही लावू देत नाहीये."

किल्ल्यावर नेणाऱ्या छोट्या रेल्वेगाडीतून सगळे खाली आले. आई आजीला स्वच्छतागृहात घेऊन गेली. पिशवी बाबांकडे आली.

तिकीटघरात लाल मफलरवाले तेच उंच आजोबा होते. सकाळी आजी थंडीने कुडकुडत होती, तेव्हा त्यांनी तिला आपल्या खोलीत हीटरजवळ बसवले होते.

"यांचे आभार मानलेच पाहिजेत!" म्हणत बाबांनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढला.

"बाबा, आजीला विचारा तरी!" ऋतुजा म्हणाली.

"अगं, चिवडाच तर आहे!"

डबा गेलाही. आई आणि आजी परत आल्यावर पिशवी पुन्हा आजीकडे गेली आणि सगळे समोरच्या कॉफीच्या दुकानात शिरले.

"उद्या सकाळी विमान आहे. चेक-इन मोबाइलवर आत्ताच करून टाका," आई म्हणाली.

बाबांनी कमरेचा पाउच उघडला. आत हात घातला. मग पाउच उलटाच केला. एक पेन खाली पडले.

"उत्तरा!" बाबा आईकडे बघत ओरडले. "पासपोर्ट नाहीत! पाचही नाहीत! चोरी झाली!"

एकच गोंधळ उडाला. बाबा दूतावासाला फोन लावू लागले, आई खिसे झटकू लागली. ऋतुजाचे लक्ष मात्र आजीकडे होते. आजीने पिशवीत हात घातला आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आजी," ऋतुजा तिच्या कानाशी गेली, "पासपोर्ट डब्यात होते?"

आजीचे डोळे भरून आले. "काल बसमधे तुझ्या बापाच्या पाउचची चेन उघडीच व्हती वं. सकाळी तो आंघोळीले गेला, मी काढून चिवड्याखाली ठेवले. आमच्या घरी दागिने डाळीच्या डब्यातच राहत. चोर कपाट पाहाते, डाळीत कोण हात घालते? पण आता कसं सांगू? तो म्हणन, उगाच आणली म्हातारीले."

"कुणी म्हणणार नाही! बाबा, पासपोर्ट चोरीला नाही गेले!"

"मधे बोलू नका रे! फोन लागतोय!" बाबांनी हात उडवला.

"आई, आम्ही आजीला घेऊन समोर जाऊन येतो," ऋतुजाने सांगितले. आईने न ऐकताच मान हलवली.

तिकीटघरात आता दुसराच माणूस होता. आजोबांची ड्युटी संपली होती. ते कुठे गेले, त्याला ठाऊक नव्हते.

"संपलं!" अंकुर म्हणाला.

"काहून संपलं?" आजी ताठ झाली. "त्याची नात बर्फावर घसरते. चार वाजता तो तिले पाहाले जाणार हाय."

"तुला त्यांची भाषा कुठे येते?" अंकुरने विचारले.

"मी तुमचे फोटू दाखवले, त्यानं नातीचा दाखवला. घड्याळात चारवर बोट ठेवलं अन् पाय असा घसरवला. याले भाषा काहून पाहिजे?"

ऋतुजाने नकाशा उघडला. बर्फावर खेळायचे मैदान दोन चौकांपलीकडेच होते! तिने आईला निरोपात सगळे कळवले आणि तिघे एकमेकांचे हात धरून निघाले.

कठड्याशी लाल मफलर दिसला. डबा उघडा होता! आजोबा आजूबाजूच्यांना मूठमूठ वाटत होते आणि त्यांची नात तिखटाने जीभ बाहेर काढून हातांनी वारा घेत होती.

"थांबा!" अंकुर चक्क मराठीत ओरडला. सगळ्यांचे हात जागीच थांबले.

ऋतुजाने धापा टाकत इंग्रजीत सगळे सांगितले. आजोबांनी चिवडा बाजूला सारला. तळाशी प्लॅस्टिकची पिशवी! त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मग गडगडाटी हसले. पाचही पासपोर्टांना तळलेल्या लसणाचा वास येत होता.

तेवढ्यात आईबाबा धावत आले. आजी मान खाली घालून उभी राहिली.

बाबांनी तिचे गार हात हातात घेतले. "आई, उघडी चेन घेऊन फिरलो मी, न विचारता डबा दिला मी. तू नसतीस तर हे आजोबा सापडलेच नसते. आणि पोरांनो, तुमचं आधीच ऐकायला हवं होतं. शाबास!"

"फोनवर ओरडायच्या आधी!" आई म्हणाली आणि तिने दोघांना जवळ ओढले.

आजोबा डबा परत देऊ लागले. आजीने झाकण घट्ट लावले आणि डबा दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. "भाऊ, सकाळी तुम्ही मले ऊब देल्ली. आता हा माझ्या हातानं घ्या."

त्यांनी तो घेतला आणि आपल्या भाषेत बरेच काही बोलले. आजीने मान डोलावली.

"काय म्हणाले गं?" बाबांनी विचारले.

"जेवाले बोलवून राहिले."

"काहीतरीच, आई!"

आजोबांची नात पुढे आली आणि इंग्रजीत म्हणाली, "आमचे आजोबा विचारताहेत, आज आमच्या घरी सूप प्यायला याल का?"

बाबांनी आजीकडे पाहिले. आजी केव्हाच आजोबांच्या मागोमाग निघाली होती.