सतरा नंबरचा विसरभोळेपणा

किन्नौरमधल्या संशोधन केंद्रात डॉ. शरयू वर्तक यांच्या स्मरणशक्तीचा सगळ्यांना धाक होता. कोणता पाना कुणी कुठे ठेवला होता, हे बाईंना तारखेनिशी पाठ असे. त्यांनी बनवलेली पन्नास बीजपाखरंही बाईंवरच गेली होती. मुठीएवढं यंत्र, पंखांवर सौरपापुद्रा आणि डोक्यात स्थलस्मृती. कुठल्या कपारीत किती बिया पुरल्या, ते बोटभरही न चुकता लक्षात.

काम होतं चिलगोजा पाइनचं जंगल पुन्हा उभं करण्याचं. पण तीन वर्षांत हजारो बिया पुरूनही उतारावर एकही रोप उगवलं नव्हतं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात पाहणी समिती येणार होती, आणि तेव्हाही उतार उघडाच दिसला तर केंद्राला टाळं लागणार होतं. बाईंना त्या विचारानं जेवण जात नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी वनरक्षक छेरिंग नेगी धापा टाकत प्रयोगशाळेत आले.

"मॅडम, रोपं! सतरा नंबरच्या हद्दीत. मोजून एकवीस."

"अशक्य! सतरा नंबर थंडीनं बिघडलाय. बी पुरतो आणि क्षणात विसरतो. मी त्याला भंगारात काढणार होते."

पण बाई तडक निघाल्या. कोरडा, दगडी कडा. करड्या-हिरव्या ठिगळांच्या सालीची चार म्हातारी झाडं, आणि त्यांच्या खाली भेगांमधून डोकावणारे बोटाएवढे हिरवे झुबके. बाई गुडघ्यावर बसल्या.

"बाकीची एकोणपन्नास काय करतात?" नेगींनी विचारलं.

"शिस्तीत काम करतात. दर महिन्याला प्रत्येक बी उकरतात, फोटो काढतात, परत पुरतात. केलेलं काम तपासायला नको?"

नेगी हसू दाबत म्हणाले, "मॅडम, कुकरचं झाकण सारखं उघडलं तर आपल्या या उंचीवर भात शिजेल का?"

बाईंनी रोपाजवळची माती चाचपणारा हात मागे घेतला.

"हे बी जड," नेगी सांगू लागले. "वाऱ्यानं लांब जात नाही. खरी पाखरं हिवाळ्यासाठी ते पुरतात. बरंचसं उकरून खातात, थोडं विसरतात. त्या विसरलेल्या बीला बर्फाखाली निवांत पडायला मिळतं. हे सगळं जंगल पाखरांच्या विसरण्यातून उगवलंय."

बाईंना स्वतःचीच कीव आली आणि लगेच हसूही फुटलं. तीन वर्षं त्या आपल्याच हातानं जंगल उपटत होत्या!

त्या शरदात सगळ्या बीजपाखरांमध्ये 'विस्मरक' बसला. बी पुरलं की जागा पुसली. केंद्रातही नोंद ठेवायची नाही, असं बाईंनी बजावलं. "जागा ठाऊक असली की मी उकरायला जाणारच. मी स्वतःला ओळखते."

पुढच्या वर्षी सप्टेंबरात समितीचे अध्यक्ष डॉ. चिटणवीस घामाघूम होऊन कडा चढून आले.

"रोपांची यादी द्या. कुठे, किती?"

"यादी नाही."

"निदान तुम्हाला तरी आठवत असेल?"

"अजिबात नाही," बाई ताठ मानेनं म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं होतं.

"म्हणजे पुरावा शून्य!" अध्यक्षांनी कपाळाला हात लावला आणि दम खायला ते मटकन खाली बसले.

"साहेब, जरा उठता का?" नेगी घाईघाईनं म्हणाले. "खाली रोप आहे."

अध्यक्ष दचकून बाजूला सरकले.

"तिथेही आहे."

ते तिसऱ्या दगडापाशी गेले. तिथे तर सहा होती. मग त्यांनी चष्मा पुसून सगळा उतार नीट पाहिला आणि अहवालाचा कागद बाहेर काढला.

अहवालावरची सही त्यांनी उभ्याउभ्याच केली. बसायला जागाच नव्हती.