रत्नाला अनोळखी कुणीच नाही

"तू लई छान दिसतो. माझ्या ताईशी लग्न करतो का?"

दिव्यांगांच्या कार्यशाळेच्या फाटकात रत्नानं एका परक्या माणसाचे दोन्ही हात धरले होते. वाळूजच्या कारखान्यातली पहिली पाळी उरकून मी तिला न्यायला आले होते. एप्रिलचं ऊन... लाजायचंही त्राण अंगात उरलं नव्हतं.

"माफ करा," मी म्हणाले. "माझी धाकटी बहीण आहे. ती सगळ्यांनाच हे विचारते."

"म्हणजे मी पहिला नाही?" त्यानं हात सोडवून घेतले नाहीत. अंगात एसटी कंडक्टरचा खाकी गणवेश, डोळ्यांखाली काळं. "मला वाटलं, नशीब उघडलं."

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं.

त्याचं नाव इंद्रजीत. त्याचा मोठा भाऊ सत्यम स्वमग्न होता, नुकताच इथं कागदी पिशव्या करायला येऊ लागला होता. संध्याकाळी दोघं सुटेपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर अर्धा-अर्धा चहा घ्यायला लागलो.

"दिवसभर पिशोरच्या एसटीत कलकल," तो म्हणाला, "आणि घरी सगळं चिडीचूप. सत्यमनं आजवर माझ्या डोळ्यांत पाहिलेलं नाही. तुमची रत्ना बघा..."

"हेवा करू नका. ती रिक्षावाल्याच्याही गळ्यात पडते. कुणी बोलावलं तर कुणाच्याही मागं जाईल. डॉक्टर म्हणाले, विल्यम्स सिंड्रोम, जन्मतःच आहे. सगळं जग तिचं... पण वाढदिवसाला घरी येईल अशी मैत्रीण एकही नाही."

"सत्यमला माणसं नकोत, असं लोकांना वाटतं. पण मला उशीर झाला, की तो जेवत नाही. मी आलो, की ताट घेऊन बसतो... माझ्याकडं पाठ करून." मग त्यानं हळूच विचारलं, "तुम्ही कशा? डोळ्यांत बघणाऱ्या, की न बघणाऱ्या?"

मी बघितलं – आणि लगेच चहात बघायला लागले.

मे महिन्यात रत्नानं सत्यमला मागून मिठी मारली. तो किंचाळला, त्यानं तिला ढकललं. टेबलाच्या कडेवर तिचा ओठ फाटला. मी पोचले तेव्हा सत्यम कान झाकून कोपऱ्यात बसला होता आणि रत्ना रडत विचारत होती, "ताई, त्याला मी आवडत नाय का?"

मी बाकावर बसणं सोडलं. रत्नाला घ्यायचं आणि सरळ निघायचं. शेवटी एका शनिवारी इंद्रजीतच समोर येऊन उभा राहिला.

"करुणा, माझं काही चुकलं का?" पहिल्यांदाच त्यानं अहो-जाहो सोडलं होतं.

"कुणाचंच नाही. पण एकीला मिठी मारल्याशिवाय राहवत नाही, दुसऱ्याला ती सोसत नाही. एका घरात कसं व्हायचं?"

"घराचं मी अजून विचारलं कुठं?" तो किंचित हसला. "विचारणारच होतो, पण..."

"मला बघायला आलेले दोघं रत्नाला बघून परत गेले."

"मी रत्नामुळंच थांबलो."

"मी थकलेय, इंद्रजीत."

"मीही. म्हणून तर विचारतोय." तो बाकावर टेकला, शेजारी मी. "आमच्या गल्लीत समोरासमोरची दोन घरं रिकामी आहेत. एकात मी, आई, सत्यम. दुसऱ्यात तू आणि रत्ना. आपलं दोघांचं जाणं-येणं मधल्या रस्त्यावरून. सत्यमचं दार सत्यमचं. त्यानं उघडलं तरच रत्नानं आत जायचं."

"हे असलं कसलं लग्न?"

"आपल्याला झेपेल असलं."

"आणि नाहीच जमलं तर?"

"तर नाही जमणार. काही दिवस वाईट जातील. तसे आताही जातातच."

खोटा धीर दिला असता, तर मी उठून गेले असते. मी बसून राहिले.

तेवढ्यात दोघं बाहेर आले. सवयीनं रत्नाचे हात सत्यमकडं उचलले गेले... आणि अर्ध्यातच थांबले. हे तिला कुणी शिकवलं, कोण जाणे. केवढं कष्टाचं होतं ते तिला.

"सत्यम, मी इथं उभी राहू?" तिनं विचारलं.

तो जमिनीकडं बघत होता. मग अर्धं पाऊल बाजूला सरकला. तिच्यापुरती सावली मोकळी झाली.

"बघू या," मी म्हणाले.

"म्हणजे हो?" इंद्रजीतनं विचारलं.

"हो. पण आज आणखी काही बोलू नकोस."

बाकावर माझ्या हाताशेजारी त्याचा हात होता. मी तो धरला आणि डोळे मिटून घेतले.