एकोणीस फ्रेमची खाडी

"अहो, जरा बघून! लॅपटॉप आहे तो, पापड नाही."

पनवेलच्या बाजारातल्या धनेशच्या रिपेअरिंगच्या दुकानात एका वेळी फार तर दीड माणूस मावतो. त्यामुळे आत शिरणाऱ्या तरुणाचं कोपर प्रांजलच्या लॅपटॉपला लागलं, यात त्याचा दोष असा काही नव्हता. पण प्रांजलचं डोकं त्या दिवशी सकाळपासूनच तापलेलं होतं, आणि कुणावर तरी राग निघायचाच होता.

"सॉरी मॅडम," असं म्हणून त्याने काउंटरवर एक यंत्र ठेवलं. "धनेशभाऊ, याची डावी दांडी आपली आपणच चालते. बघा जरा."

प्रांजलने यंत्राकडे पाहिलं आणि तिचा राग कुठल्या कुठे पळाला. मध्ये स्क्रीन, दोन्ही बाजूंना बटणं आणि अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांड्या. कॉम्प्युटरवरचे गेम हातात धरून खेळायचं हॅन्डहेल्ड! गेले दोन महिने ती हेच शोधत होती…

"हे… तुमचं आहे?"

"नाय, शेजाऱ्याचं चोरलं," तो गंभीरपणे म्हणाला. मग हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडली. प्रांजलला ती दिसली, आणि आपल्याला ती दिसली याचा तिला जरा रागच आला.

गोष्ट अशी होती. प्रांजलने वर्षापूर्वी नोकरी सोडली होती आणि खारघरच्या चौदाव्या मजल्यावर बसून एकटीने एक गेम बनवला होता. त्यातली होडीवाली रंभा खाडीच्या या काठावरची माणसं त्या काठाला पोचवते. बेंगळुरूच्या एका कंपनीला गेम आवडला. अट एकच – तो हॅन्डहेल्डवर न अडखळता चालला पाहिजे, सेकंदाला निदान तीस चित्रं, म्हणजे तीस फ्रेम, पडल्या पाहिजेत. मुदत तीस तारखेची. नाही जमलं, तर एक तारखेपासून हैदराबादची नोकरी. तसं तिने बाबांना कबूल केलं होतं.

धनेशने दांडी बदलली आणि म्हटलं, "कुंदन, एखादा गेम लाव बघू."

"माझा लावता?" प्रांजलने पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

सुरुवात छान झाली. रंभाने वल्हं मारलं, होडी निघाली… आणि खाडीच्या तोंडाशी आली तशी उचक्या लागल्यासारखी अडखळायला लागली. यंत्राचा पंखा घोंघावला. कोपऱ्यात आकडा दिसत होता – एकोणीस.

"एकोणीस," प्रांजल पुटपुटली.

"होडी दमली हाय बिचारी," कुंदन म्हणाला. मग तिचा चेहरा पाहून त्याचा आवाज उतरला. "मॅडम, मी जासईला कंटेनरच्या यार्डात कामाला हाय. आलेला प्रत्येक डबा चहूबाजूंनी बघायचा, कुठं पोचा हाय, कुठं गंज हाय, लिहून द्यायचं. तुमचा डबा पण बघून देऊ?"

आणि त्याने खरंच बघून दिला! रोज जेवणाच्या सुट्टीत तो गेम खेळायचा आणि पंधरा मिनिटांत रिपोर्ट पाठवायचा. "खाडीचं तोंड. डावा काठ. झटका. फ्रेम एकवीस. पंखा ओरडतो. यंत्र गरम. माणूस थंड." कुठल्याच कंपनीत प्रांजलने असे रिपोर्ट पाहिले नव्हते. ती ते पुन्हा पुन्हा वाचायची, आणि दर वेळी ते चुका शोधण्यासाठीच असायचं असं काही नाही.

संध्याकाळी शिफ्ट सुटली की तो वडाळे तळ्याकाठी यायचा. ती नवा बदल यंत्रात भरायची, तो खेळायचा. यंत्र इतकं तापायचं की ते आळीपाळीने धरावं लागे. देता-घेता बोटांना बोटं लागत… आणि मग दोघंही तळ्यातल्या बदकांकडे फार लक्ष देऊन बघत.

"तुम्ही मला मॅडम म्हणणं कधी सोडणार?"

"तुमी मला तुमी म्हणणं सोडलं की."

"बरं. सोडलं. तू खेळ आता."

"खेळतो… प्रांजल." पहिल्यांदा नाव घेताना त्याची नजर स्क्रीनवरून हलली आणि होडी थेट काठावर जाऊन आपटली.

पण खाडी काही हलेना. तिने सावल्या कमी केल्या, चित्र बारीक केलं, पाण्यातली प्रतिबिंबं निम्मी केली. बावीस. तेवीस. सत्तावीस तारखेला, चोवीस.

"झालं," ती म्हणाली आणि लॅपटॉप मिटला. "बाबांना सांगते तिकीट काढायला."

कुंदन बराच वेळ यंत्रावरची धूळ शर्टाच्या टोकाने पुसत राहिला. धूळ नव्हतीच.

"एक विचारू? रागवू नको."

"विचार."

"तुज्या खाडीला ओहोटी कदी लागते?"

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी भरलेली, दुपारी भरलेली, रात्री भरलेली. आमी गव्हाण कोळीवाड्यातले. आमच्या खाडीत दिवसातून दोनदा पाणी उतरतं. मग चिखलच चिखल! मधल्या धारेपुरतं पाणी उरतं. बाया चिखलात उतरून निवटे मासे पकडतात. तुजी रंभा कदी चिखलात उतरतच नाय."

प्रांजल त्याच्याकडे बघतच राहिली. तिने खाडी पाहिली होती ती पुलावरून, गाडीच्या काचेतून. फोटो काढायला गेली तीही भरतीच्या वेळी, कारण भरलेली खाडी सुंदर दिसते! गेममध्ये वर सगळं पाणी होतं आणि त्या पाण्याखाली तिवरांचं मूळ न् मूळ, चिखलाची भेग न् भेग तिने हौसेने काढून ठेवली होती. यंत्र बिचारं सगळं एकदम ओढत होतं.

"भरतीला मुळं दाखवायचीच नाहीत… आणि ओहोटीला पाणी फक्त धारेत…" ती स्वतःशीच बोलत होती. मग एकदम उसळली. "हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"आणि बोलला नाहीस?"

"मला काय ठाऊक त्याच्यापायी अडकतंय? वाटलं, खारघरवाल्यांची खाडी हाय, आसंल त्यांची चोवीस तास भरलेली. नळाला पाणी असतं तशी."

तिने त्याच्या दंडावर एक फटका मारला. मग हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तो इतका घाबरला की स्वतःचा रुमाल समजून त्याने यंत्र पुसायचं फडकं पुढे केलं.

दोन दिवस तिने जेवणाकडेही पाहिलं नाही. एकोणतीसच्या दुपारी कुंदनने हाफ डे टाकला. तळ्याकाठी बसून त्याने होडी खाडीच्या तोंडाशी नेली. पाणी उतरलेलं. चिखल चमकत होता. आकडा छत्तीसवर गेला, अडतीसवर गेला, आणि चाळीसवर ठाण मांडून बसला. मग भरती आली, तरी चौतीसच्या खाली येईना. पंखा गुमान फिरत होता.

तिथूनच तिने गेम पाठवला. तीस तारखेला संध्याकाळी उत्तर आलं, तेव्हाही दोघं तिथेच होती. गेम पास!

प्रांजलने आधी बाबांना फोन लावला. "हैदराबादला नकार कळवते." बाबा म्हणाले, "मग पेढे तरी आण." ती नाचलीच. पण फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं, की कुंदन यंत्राची वायर गुंडाळतोय. फार हळू, एकेक वेढा नीट बसवत.

"मंग… टेस्टिंग संपलं," तो वायरीकडे बघत म्हणाला.

"संपलं."

महिनाभर तिला एकच धास्ती होती, गेम चालला नाही तर? तो चालला तर हा रोज कशाला येईल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. नोकरीसाठी जाताना वाटलं नसतं एवढं वाईट तिला आत्ता वाटलं.

"आयनं निवट्यांचं कालवण केलंय आज," तो एकदम म्हणाला. "म्हणाली, चिखलाची गोष्ट सांगितली ना जिला, तिला घेऊन ये जेवायला."

"मग नेतोस का?"

"नेतो. पण…" त्याने मान खाजवली. "आय विचारत व्हती, ती पोरगी तुजी कोण लागते."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, विचारून सांगतो."

तळ्यावरून गार वारा आला. प्रांजलने त्याच्या हातातली वायर काढून घेतली, बाजूला ठेवली आणि त्याचा हात आपल्या हातात घट्ट धरला.

"कोण-बीण काही नाही," ती म्हणाली. "तुझी लागते. एवढंच सांग."