दादा, वायर…

दार लोटून घ्या आधी. हसायचं असेल तर आत्ताच हसा, मध्ये मला टोकू नका.

माझा साडू इस्पितळात मशिनं सांभाळायचा. पेशंटच्या उशाशी ठोके दाखवणारा मॉनिटर असतो ना, तसली. हात इतका हलका, की नर्सबाई म्हणायच्या, "हे मशीन उचलत नाहीत, बाळंतिणीच्या हातून लेकरू घेतात!"

मार्चची चौदा तारीख, गुरुवार. रात्रीचे दोन. खालच्या वॉर्डात नऊ वर्षांची पोर आणलेली, श्वास लागलेला. वरचा मॉनिटर लगेच आणा म्हणून निरोप आला. साडूनं मशीन ट्रॉलीवर ठेवलं नि निघाला. घाईत पेशंटला लावायची वायर गुंडाळायची राहिली. लोंबत होती.

व्हरांड्यात ट्रॉली अडली.

"दादा, वायर चाकाखाली आलीय."

बाईचा आवाज. दमलेला. त्यानं वायर सोडवली, "बरं झालं सांगितलंत" म्हणत मागं वळला.

कोणी नाही.

बाकं रिकामी. तो पुढं निघाला. वायर पुन्हा घसरली.

"दादा… वायर…"

आता अगदी कानाशी.

तो खाली बसला. वायर गुंडाळू लागला, तर बोटांना चिकटपट्टी लागली. काळी. त्यानंच मारलेली.



महिन्यापूर्वी हीच वायर अशीच चाकाखाली चेंगरली होती. नवी लावायचा कंटाळा केला, पट्टीवर वेळ मारून नेली. मग मशीन उगाचच सारखं वाजायचं. रात्रपाळीच्या नर्सनं वैतागून आवाज बंद केला. त्याच रात्री त्या मशीनवरच्या बाईचे ठोके थांबले…

सकाळी कळलं.

पट्टीचं त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

तो धावत वर गेला. नवी वायर आणली, पोरीला लावली. साडेतीनला तिचा श्वास अडला. मशीन वाजलं. डॉक्टर धावले. पोर वाचली.

उजाडल्यावर त्यानं मोठ्या डॉक्टरांपुढं सगळं कबूल केलं. नोकरी गेली. "जाऊ दे," म्हणाला, "आता निदान झोप तरी लागेल."

निघण्याआधी त्यानं मशीनमधली नोंद उघडली. पोरीचे ठोके होते. पण त्यांच्याही आधी, चार मिनिटांचे, आणखी कोणाचे तरी ठोके होते. संथ… मग अजून संथ…

त्या वेळी मशीन व्हरांड्यात, ट्रॉलीवर होतं. बंद.

कोणालाच लावलेलं नव्हतं.