एकाच जागेवर दोघी

रविवारी सकाळी साडेनऊला बाबांचा गेम उघडेना, आणि त्यांनी हाक मारली ती धाकटीला.

आता यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काय होतं, असं कुणीही म्हणेल. पण घरातल्या कॉम्प्युटरचं सगळं थोरली बघायची. घरातलं तर बघायचीच, वर गेमवाल्यांच्या फोरमवर रोज दहा अनोळखी लोकांचे एरर सोडवून द्यायची. 'आधी बदलांची नोंद वाचा, मग विचारा' हे तिचं तिथलं ठरलेलं वाक्य, आणि लोक त्यावरून तिची भरपूर टिंगलही करायचे. धाकटीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी हाक तिलाच.

"ताईला सांगते हं बाबा," धाकटी ओले केस पुसत म्हणाली. ती तलावावर मुलांना पोहायला शिकवायची आणि घरभर क्लोरीनचा वास घेऊन फिरायची.

"सांग. तिला जमतं ते," बाबा म्हणाले.

तिला जमतं ते! नळ दुरुस्त करणाऱ्याबद्दल बोलावं तसं. थोरली आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होती.

बाबांनी तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि राहिले मात्र बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. गुडघे गेले तसं खाली उतरणं संपलं. मग थोरलीनं त्यांना हा गेम लावून दिला. हिरवी दरी, डोंगर, मधे तळं. लढाई नाही, मारामारी नाही, नुसतं चालायचं. लोक अशा गेममध्ये आपापली भर घालतात, त्याला मॉड म्हणतात. थोरलीनं आठ महिने खपून तळ्याकाठी एक घर उभं केलं. आई होती तेव्हाचं त्यांचं जुनं घर, अगदी जसंच्या तसं. दातांच्या लॅबमध्ये नकली दाताचा रंग शेजारच्या दाताशी जुळवायचं काम ती करायची, त्यामुळे नजर कशी असणार सांगायला नको. फरशीचा उडालेला टवका, दाराला पडलेला पोचा, सगळं होतं. बाबांनी दोन खोल्या फिरून पाहिल्या, "हुबेहूब आहे," म्हणाले आणि बाहेर पडले.

पुढच्याच आठवड्यात धाकटीनं कुठलासा व्हिडिओ बघून दोन संध्याकाळींत एक पिवळं कुत्रं केलं. एक कान मोठा, एक छोटा. ते त्याच घराच्या उंबऱ्यावर पडून राहायचं आणि बाबा आले की शेपटी आपटायचं. एवढंच. बाबा जेवण झाल्यापासून दिवेलागणीपर्यंत त्या कुत्र्यापाशी बसायला लागले. त्याच्याशी बोलायचे, खळखळून हसायचे. ते हसणं आतल्या खोलीपर्यंत यायचं आणि थोरलीच्या पोटात दुखायचं. कुत्र्याच्या जागी थेट धाकटीच दिसायची तिला.

दोन मॉडनी एकाच जागेवर हक्क सांगितला की मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम विचारतो, कोणाचं ठेवायचं? त्यात नावांची यादी असते. यादीत जे खाली, ते शेवटी चढतं आणि आधीच्याला झाकून टाकतं. उंबरा घराचाही होता आणि कुत्र्याचाही. थोरलीनंच मोठ्या मनानं धाकटीचं नाव खाली ठेवलं होतं. ते मोठं मन तिला तीन दिवस पुरलं.

तर त्या रविवारी बाबांना बाहेरच्या खोलीत बसवून ती त्यांच्या लॅपटॉपपुढे बसली. दुखणं साधं होतं. गेम आपोआप अपडेट झाला होता आणि मॅनेजर जुना राहिला होता. तिनं जुना काढला, मागे राहिलेले फोल्डर हातानं पुसले, नवा उतरवून घेतला. इन्स्टॉल अर्ध्यावर अडकलं: लिहिण्याची परवानगी नाही. तिनं गेमच दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला. मग अँटीव्हायरसनं एक फाइल गिळली. ती सोडवून आणली. हे सगळं ती डोळे मिटून करू शकली असती.

तिसऱ्या खेपेला मॅनेजरची खिडकी उघडली. तो प्रोग्रॅम आजवर इंग्रजीशिवाय एक अक्षर बोलला नव्हता. आता पांढऱ्या खिडकीत मराठीत लिहिलं होतं:

'एकाच जागेवर दोघी आहेत. कोणाला ठेवायचं?'

धाकटीचा चावटपणा, तिला वाटलं. मग लगेच वाटलं, तिला कुठलं जमायला!

खाली यादी होती. उंबरा: थोरली, धाकटी. खूण जुनीच, धाकटीच्या नावापुढे. इथवर ठीक. पण त्याखाली ज्या ओळी होत्या, त्या दोघींपैकी कुणीच केल्या नव्हत्या. सकाळचा चहा. रस्ता ओलांडताना धरलेला हात. आईचा शेवटचा फोन. पहिली हाक. प्रत्येक ओळीपुढे दोन नावं आणि प्रत्येक खूण धाकटीला.

एका ओळीवर तिची नजर अडकली. दवाखान्यातली सोबत. तिथेही धाकटी.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशनला अकरा दिवस बाबांच्या उशाशी कोण बसलं होतं? धाकटी दोनदा आली होती, तेही घाईघाईत. आणि बाबा मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, धाकटीनं फार केलं माझं! थोरलीनं त्या ओळीतली खूण उचलली आणि आपल्या नावापुढे ठेवली. नुसतं बघावं म्हणून.

बाहेरून बाबांचा आवाज आला. ते धाकटीशी बोलत होते.

"तुझी ताई अकरा दिवस हलली नव्हती माझ्या उशापासून. खुर्चीत झोपायची बिचारी."

"हो ना," धाकटी म्हणाली. जणू हे रोजचंच बोलणं होतं.

खरं सांगायचं तर थोरलीला भीती वाटायला हवी होती. पण पाच वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य कानावर पडलं होतं. भीतीला जागाच उरली नाही. तिला ते पुन्हा ऐकायचं होतं. अजून ऐकायचं होतं. सगळं ऐकायचं होतं.

यादी खाली सरकवली तर संपेचना. हजारो ओळी. एकेक खूण बदलायला जन्म गेला असता. मग तिनं तेच केलं जे मॉडवाले नेहमी करतात. दोन नावांतलं आपलं नाव धरलं आणि ओढून खाली आणलं. धाकटी वर, आपण खाली.

तेवढ्यात धाकटी दारात आली. "झालं का गं ताई? बाबांचा जीव वरखाली होतोय." मग पडद्याकडे न बघताच म्हणाली, "मला पण शिकव ना कधीतरी. तुझ्यासारखं काही म्हणता काही येत नाही मला."

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. ओले केस, हसरं तोंड. क्षणभर बोट थांबलं.

"ताई गं," बाहेरून बाबांनी धाकटीचीच नक्कल केली, आणि दोघंही हसली. त्यांचं ते आपापसातलं हसणं.

थोरलीनं 'सगळं लावा' दाबलं.

हिरवी पट्टी भरायला लागली. ओळी एकामागून एक सरकत होत्या. धाकटी गुणगुणत बाहेर गेली. हाताला चाळा म्हणून थोरलीनं बदलांची नोंद उघडली. पहिलंच वाक्य होतं:

'या आवृत्तीपासून यादी उलट वाचली जाते. वरचं नाव राहील, खालचं पुसलं जाईल.'

तिनं 'रद्द' दाबलं. ते दबेना.

गेमचं फोल्डर पुसायला घेतलं. 'फाइल वापरात आहे.'

लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. दहापर्यंत मोजलं, वीसपर्यंत मोजलं. पट्टी भरतच राहिली.

सकाळचा चहा गेला. दवाखाना गेला. पहिली हाक गेली.

ती धावत बाहेर आली. बाबांनी मान वर केली आणि चष्मा नीट केला. कुणी परकं आलं की करायचे तसा.

"झालं का तुमचं काम?"

"बाबा..." ती म्हणाली.

धाकटीनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. अवघडून हसली. "फारच वेळ गेला हो तुमचा. रविवारचं बोलावलं, त्यात पुन्हा तीन जिने. चहा टाकू का?"

"बाबा, मी..." पुढचा शब्द तिच्या तोंडात होता. आत्ता होता. तिनं ओठ हलवले.

आत हिरवी पट्टी भरली आणि कुत्र्यानं शेपटी आपटली. म्हातारा खळखळून हसला.

"नको, चहा नको. निघते मी, काका," दुरुस्तीवाली बाई म्हणाली. "पुन्हा अडलं तर फोन करा."

स्टॉपवर उभं राहून बाईनं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत ती मुलगी बापाच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. एकुलती एक दिसते, बाईच्या मनात आलं. आणि उगाचच पोटात काहीतरी दुखलं. तशी ती लोकांच्या सुखावर जळणाऱ्यातली नव्हती.

बस आली. बाई खिडकीशी बसली.

"कुठे जायचं?" कंडक्टरनं विचारलं.

"घरी."

"अहो बाई, घरी म्हणजे कुठे?"

"सांगते हं," ती म्हणाली, आणि सांगण्यासाठी तोंड उघडून तशीच बसून राहिली.