न उठवायचं बटण

सदर बाजारात कूलरसाठी वाळ्याच्या ताट्या आणायला गेलेला अंबरीश येताना एक घड्याळही घेऊन आला. आकड्यांचं, रेडिओवालं, उशाशी ठेवायचं. त्याचे गुण तो दारातूनच सांगत आला. आकडे इतके मोठे आणि लालभडक, की बाबांना चष्मा लागू नये. गजराला घंटा नको असेल तर रेडिओ लागतो. वीज गेली तरी आतला सेल वेळ धरून ठेवतो.

विनताने सगळं ऐकून घेतलं आणि वरच्या पसरट बटणावर बोट ठेवलं. "हे कशाला?"

"स्नूझ. दाबलं की गजर गप्प. थोड्या वेळानं परत वाजते."

"म्हणजे उठवायचं यंत्र, आणि त्याच्याच डोक्यावर न उठवायचं बटण? कोणत्या शहाण्यानं केलं हे?"

तिचा संताप फुकटचा नव्हता. तिच्या सासऱ्यांना, विष्णुपंतांना, जेवणाआधी इन्शुलिन लागायचं आणि जेवल्यावर गाढ झोप. गेल्या हिवाळ्यात अशीच झोप लांबली, साखर उतरली आणि माणूस घामाने थबथबून गार पडला. दवाखान्यातून घरी परतले हेच नशीब. चारला उठवा, काहीतरी खायला द्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत विनता उठवत होती. सोमवारपासून तिची शिक्षिकेची नोकरी, दुपारची शाळा, अंबरीशचं ऑफिस, आणि कांचघर मोहल्ल्यातल्या त्या घरात बाबा एकटे. म्हणून हे घड्याळ, आणि म्हणून आधी त्याची तालीम.

पहिल्या दुपारी ती मुद्दाम स्वयंपाकघरात बसून राहिली. पडदे ओढलेले, घरभर अंधारलेलं, कूलरची घरघर आणि ओल्या वाळ्याचा वास. चार वाजले. बाबांच्या खोलीत रेडिओ लागला आणि एक बाई गोड आवाजात बोलू लागली, "तो बहनो और भाइयो, अब सुनिए..."

तिथेच तुटलं.

थोड्या वेळाने पुन्हा लागला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटला तशी विनता तणतणत आत गेली. बाबा भिंतीकडे तोंड करून घोरत होते. दोन्ही हात चादरीखाली.

"बाबा! बटण काहून दाबून राहिले तुम्ही?"

"मी?" ते डोळे चोळत म्हणाले. "मला तर रेडिओ ऐकूच नाही आला, बेटा."

म्हातारपणाची सबब म्हणून तिने ते सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी घड्याळ पार समोरच्या टेबलावर ठेवलं, त्यांचा हात पोचणार नाही असं. चारला रेडिओ लागला. या खेपेला तुटला नाही, गुदमरला. गोधडीखालून बोलावं तशी ती बाई बोलत होती. विनता धावत आत गेली आणि दारातच थबकली. घड्याळाला जुन्या लुगड्याचं फडकं गुंडाळलेलं होतं. मागे घट्ट गाठ.

ती गाठ तिच्या ओळखीची होती. सासूबाईंची. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती. विष्णुपंत फॅक्टरीत कायम रात्रपाळीला, दिवसा झोपायचे, आणि ती झोप राखण्यात बाईंचा जन्म गेला. दाराच्या घंटीला त्या असंच फडकं बांधायच्या. भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच गप्प करायच्या. नवी नवरी विनता एकदा खळखळून हसली, तर त्यांनी तिच्या ओठांवर तळहात दाबला होता. "हे झोपून राहिले ना!" त्या हाताला लसणाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता.

विनता एक पाऊल मागे सरली. पण भीतीच्याही वर राग चढला. जिवंतपणी या घरात मोकळं हसू दिलं नाही, आणि मेल्यावर हे! तिने कूलर बंद केला, गाठ सोडली, फडकं टेबलावर आपटलं.

"आई," ती दबक्या आवाजात म्हणाली, "त्यांची पाळी संपली आता. असंच झोपू दिलं तर जातील ते... कळते का तुम्हाला?"

कूलरच्या कोपऱ्यातून आवाज आला. शूऽऽ. कूलर बंद होता.

रात्री तिने अंबरीशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चलो, बदलून आणतो. बिघडलं असेल." त्याच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता.

रविवारी अंबरीश बाहेर पडला तशी ती स्वतःच बाबांच्या पलंगाशी खुर्ची घेऊन बसली. घड्याळ मांडीवर घेतलं आणि त्या पसरट बटणावर आपलाच तळहात झाकण ठेवल्यासारखा ठेवला. दाबा आता, म्हणावं. चार वाजले. "तो बहनो और..."

तिच्या हातावर एक हात आला. गार, खरखरीत. तिच्या तळहातासकट त्याने बटण सावकाश खाली दाबलं.

खोली गप्प झाली. बाबांच्या कपाळावर घाम डवरला होता आणि ओठ पांढरे पडत चालले होते. विनताने हाक मारायला तोंड उघडलं, "बा..." आणि तिच्या ओठांवर तळहात दाबला गेला. लसूण. खोबरेल तेल.

नवी नवरी तेव्हा गप्प बसली होती. आता ती चावली. इतक्या वर्षांचा राग दातांत आणून कडकडून चावली.

हात सुटला. "बाबा! उठा! उठा म्हणते ना!" तिने त्यांना गदागदा हलवलं, साखरेचं पाणी पाजलं, बिस्किटं भरवली. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. विनता धापा टाकत होती, आणि खरं सांगायचं तर मनातून जिंकल्यासारखं वाटत होतं.

"काहून एवढी ओरडली?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही उठत नव्हते म्हणून."

"अच्छा." त्यांनी ओठांवरचा चुरा पुसला. मग तिच्या खांद्यावरून मागे पाहत, दुखावल्यासारखे म्हणाले, "पण हिचं बोट बघ, बेटा... किती रक्त येऊन राहिलं. ते फडकं दे तिला बांधायला."

विनताने मागे न बघता टेबलाकडे हात नेला. फडकं तिथे नव्हतं, आणि उद्या सोमवार होता.