चौदा चिठ्ठ्या

रखात एजे, म्हणजे रखातताई, नारिन गावातल्या बहिऱ्या मुलांना शिकवायच्या. फिल्मचं त्यांनीच सायकालच्या डोक्यात घातलं, एप्रिलच्या शेवटी. सायकाल पूर्वी लग्नांचं शूटिंग करायची. हिवाळ्यापासून मात्र तिचा कॅमेरा कपाटातच पडून होता.

"चार-पाच मिनिटांची कर. माणसानं खरं बोलावं, एवढंच कळू दे त्यातून," एजे म्हणाल्या. "शब्द एकही नको. माझी पोरं तोंडाकडे बघूनच सगळं ओळखतात."

"आणि काम करायला माणसं कुठून आणू, एजे?"

"घरात आहेत की! तेवढीच तुमच्या घरात जरा हालचाल."

सायकालनं हो म्हटलं. नाही म्हणायलाही थोडं बळ लागतं, ते तिच्यात नव्हतं. नोव्हेंबरात तिचा नवरा कुबात आणि धाकटा दीर नुरदीन वरच्या कुरणावर राहिलेली मेंढरं आणायला गेले होते. खिंडीत त्यांना हिमवादळानं गाठलं. कुबात दोन्ही घोडे घेऊन एकटाच परत आला. "दिसेनासा झाला," एवढंच त्यानं सांगितलं. आठ दिवस शोधाशोध झाली. टोपीसुद्धा सापडली नाही. तेव्हापासून घरातली माणसं जेवत होती, झोपत होती, चुलीत शेण्या सारत होती. रडायचं मात्र कुणालाच जमलं नव्हतं. सासूबाईंना, ज्यांना घरात सगळे आपा म्हणत, त्यांनाही नाही.

एका रविवारी दुपारी शूटिंग झालं. गोष्ट साधीच होती. सायकालचा आठ वर्षांचा मुलगा बेकतुर आजीचा चहाचा निळा वाडगा फोडतो आणि तुकडे पिठात लपवतो. आजी मांजरावर डोळे वटारते. मग पोरगा ओंजळीत तुकडे घेऊन बापापुढे उभा राहतो. बाप बराच वेळ त्याच्याकडे बघतो आणि त्याला जवळ घेतो.

बापाचा चेहरा पाच वेळा टिपावा लागला. सायकाल कॅमेऱ्यातून अगदी जवळून बघत होती. गालावर उन्हाची तिरीप, मिशीत अडकलेला पिठाचा कण, मिटलेले ओठ.

"पोराला माफ करताना असंच बघतात ना?" कुबातनं विचारलं.

"मला आठवत नाही," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिनं ती फिल्म शाळेत नेली. चौदा मुलं भिंतीकडे तोंड करून बसली. मांजराला सगळी हसली. बापाचा चेहरा आला तशी ती एकदम पुढे वाकली. फिल्म संपल्यावर एका मुलीनं हातवारे करून काहीतरी विचारलं. एजेंच्या कपाळाला आठी पडली.

"काय म्हणतेय?"

"वडील कुणाबद्दल बोलतायत, असं विचारतेय."

"एजे, कुणी बोलतच नाही त्यात."

"मलाही दिसतंय गं. ओठ मिटलेलेच आहेत."

एजे हाडाच्या मास्तरीण. त्यांनी मुलांना लांब लांब बसवलं, प्रत्येकाला कागदाचा एक तुकडा दिला आणि जे दिसलं ते लिहायला सांगितलं. चौदा चिठ्ठ्या गोळा झाल्या. कुणाचं अक्षर वेडंवाकडं, कुणाचं शुद्धलेखन कच्चं. मजकूर सगळ्यांचा एकच.

तो हाका मारत होता. मला ऐकू येत होतं.

सायकालनं चौदाही वाचल्या. तिला रडू आलं नाही. खिडकीबाहेरची झाडं फक्त फार लांब गेल्यासारखी वाटली.

"पुन्हा लावा," ती म्हणाली.

तीच फिल्म, तोच चेहरा, तेच मिटलेले ओठ. मुलांनी चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिलं. या वेळी दोनच शब्द होते.

अजून मारतोय.

एजेंनी प्रोजेक्टरची वायर ओढून काढली. "घेऊन जा हे, सायकाल. मला नको."

घरी आपा चहा ओतत होत्या. कुबात गादीवर बसला होता. बेकतुर शाळेतून यायचा होता. सायकालनं चिठ्ठ्या ताटांच्या मध्ये ठेवल्या. कुबातनं एक वाचली, दुसरी वाचली आणि मग सगळ्या नीट एकावर एक रचल्या.

"काय आहे ते?" आपांनी सायकालला विचारलं. "मला चष्म्याशिवाय दिसत नाही. वाच की, बाळ."

सायकालनं नवऱ्याकडे पाहिलं. तो नको म्हणाला नाही. दुसऱ्याच्या घरचं पत्र वाचावं तशी तिनं चिठ्ठी वाचली.

आपांनी किटली खाली ठेवली.

"तुला ऐकू येत होतं?"

"हो, आपा."

"तरी तू निघून आलास."

"हो."

सायकालनं चिठ्ठी उलटली आणि मागचे दोन शब्दही वाचले.

"नाही," कुबात शांतपणे म्हणाला. "आता हाका नाही मारत. इतक्या जवळ आल्यावर कशाला मारील?"

आणि तो गादीवर जरासा सरकला, एका माणसाला टेकता येईल इतका.